म्हशी घरी, मी ओढ्यावर

लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कोणी आहे का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि माझं डोकंच सटकलं. पंचेचाळिशीच्या बाईनं आता साक्षीदार आणायचे का? त्या शांतपणे म्हणाल्या, लक्ष न टिकण्याचा हा आजार मोठेपणी अचानक उगवत नाही, लहानपणापासून असतो. नुसत्या तुमच्या आठवणींवर विसंबून चालत नाही. माझ्या आठवणींवर मीही कधी विसंबले नव्हते.

आईला जाऊन दोन पावसाळे झाले. नवरा त्याआधीच वेगळा झाला. तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, असं म्हणाला होता. लोणावळ्याच्या दोन खोल्यांत आता मी, अर्धवट विणलेले स्वेटर आणि करपलेली पातेली. संध्याकाळी फार एकटं वाटतं. उरला कामशेतजवळच्या गावातला थोरला भाऊ. त्याच्या लेखी मी म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. फोनवर म्हणाला, आळसाला आता डॉक्टर लागतो व्हय? पण आला.

खरं सांगते, मला आजाराचं नाव नकोच होतं. ही मुद्दाम करत नव्हती, एवढं घरच्या कोणीतरी म्हणायला हवं होतं.

दादा डॉक्टरीणबाईंसमोर टोपी मांडीवर ठेवून बसला. त्यानं म्हशींची गोष्ट सांगितली. मी त्यांना चारायला न्यायचे. दिवेलागणीला म्हशी आपल्या आपण घरी यायच्या आणि मी ओढ्यावर पाण्याकडं बघत बसलेली असायचे. बाई हसल्या, तोही हसला, मलाही हसावं लागलं. मग घरचे काय करायचे, असं बाईंनी विचारलं. तो टोपी चुरगाळत राहिला.

"मी मारायचो हिला. आई आडवी यायची. म्हनायची, मारू नगं, ती मुद्दाम न्हाई करत. मला वाटायचं, लाड करती."

बाई लिहीत राहिल्या. त्याला कामशेतला जायचं होतं, मी स्टेशनवर सोडायला गेले. गाडीत चढताना म्हणाला, घरी गेल्यावर गॅस बघ. मी तशीच बाकावर बसून राहिले.

जे ऐकायला मी जन्मभर तडफडले, ते आई त्याला सांगत होती. मला एकदा सांगायचंस ना गं. कदाचित सांगितलंही असशील. माझंच लक्ष नसेल.