बिनस्पिरिटची बाटली

तोंडाच्या आरोग्याची खरी काळजी आमच्या घाटकोपरच्या चाळीत एकाच माणसाला होती. शेजारचे काका केमिस्टकडे चष्मा कपाळावर सारून गुळण्यांच्या औषधाची प्रत्येक बाटली वाचत.

“स्पिरिट आहे यात. बायकोच्या तोंडात घालू काय?”

काकूंच्या गालातली जखम कित्येक महिने भरत नव्हती.

“काका, डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलंय ना?”

“नेऊ रे. आधी सेफ औषध तर मिळू दे.”

अखेर मिळालं. काका खुशीत घरी आले, तेव्हा काकू स्टोव्हवर मशेरी भाजत होत्या. त्या मशेरीचा तंबाखू काकाच गावाहून निवडून आणत.

काकूंच्या तेराव्याला त्यांनी उरलेली बाटली माझ्या हातात ठेवली. “घे, एकदम सेफ आहे.”

मशेरीचा डबा काकूंची बहीण घेऊन गेली.