समजूत घालणाऱ्या बाई

समोर कुणी तावातावानं येऊन बसलं, की मॅडम आधी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढं सरकवायच्या. "पूर्ण प्या. मंग बोला." आणि तो माणूस पाणी पीत असताना त्याच्याकडं एकटक बघत राहायच्या. नवख्यांना वाटायचं, ही समुपदेशनाची काहीतरी युक्ती असावी. युक्ती कसली? बाईंच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. स्वतःला दिवसभरात जेमतेम दोन-तीन कप पाण्याची परवानगी. जालन्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. त्यात त्या दुसऱ्यांना पाणी पाजून समाधान मानायच्या.

आमचं कुटुंब सल्ला केंद्र म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि दारात कडुलिंब. मी तिथं त्यांच्या हाताखाली होते. अशा केंद्राबाहेर तुम्ही कधी थांबला असाल तर पाहिलं असेल, भांडण दोघांचं असतं आणि सोबत जीपभर माणसं येतात. त्यातही बोलायचं असतं ते मामालाच. मॅडम सगळ्यांना झाडाखाली बसवायच्या आणि एकेकट्याला आत घ्यायच्या. मामा मंडळी याच्यावर फार नाराज असायची.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. एका मामानं एकदा तोंडावरच विचारलं, संसार न केलेल्या बाईला यातलं काय कळतं? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हाला विचारून राह्यले." मामा खूश झाले. अर्धा तास बोलले, आणि बोलता बोलता त्यांची स्वतःचीच बायको दिवाळीपासून माहेरी असल्याचं बाहेर आलं.

मॅडमच्या बोलण्यात काय होतं, मला अजून सांगता येत नाही. आवाज थकलेला, वाक्यं तुटक. शहागडचा एक ट्रक ड्रायव्हर बायकोला घरात घेणार नाही अशी शपथ घेऊनच आला होता. तासाभरानं बाहेर आला तो तिची पिशवी आपल्या हातात घेऊन. दारात थबकून मला हळूच विचारतो, "बाई, मी काय म्हणलो आत?"

डायलिसिसला मी त्यांच्यासोबत जायची. परत येताना त्यांना कुणीतरी धरायला लागायचं. तिथंही सुटका नव्हती. शेजारच्या खाटेवर मस्तगडचे एक शेठजी असायचे. मशीन सुरू झालं की त्यांचं गाऱ्हाणं सुरू, सून बोलतच नाही. एक दिवस मॅडमनी डोळे मिटूनच विचारलं, शेठजी, इथं इतकं बोलता, घरी किती बोलता? पुढच्या खेपेला शेठजींना न्यायला सूनच आली होती.

अशी काही वर्षं गेली. मग हृदयावर ताण यायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, डायलिसिसवर आता फार काळ निभणार नाही, किडनी बदलायला हवी. द्यायला घरची दोनच माणसं. आई म्हातारी, तिला साखरेचा आजार. राहिली धाकटी बहीण, जांब समर्थच्या बाजूला दिलेली. तिनं तपासणीला रक्त दिलं. पण नंतर निरोप येत राहिले, सासरचे नको म्हणतात, नवरा ऐकत नाही.

मी मॅडमच्या मागे लागले. नवऱ्याला बोलवा, एवढ्या हट्टी माणसांना वळवलंत, हा कोण लागून गेला? त्या म्हणाल्या, "ह्याच्यात माझंच काम अडलंय. मी त्याला समोर कशी बसवू?"

शेवटी त्यांच्या आईनंच सगळ्यांना बोलावलं. ज्या दिवशी ती माणसं यायची होती त्याच सकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघींना सांगितलं, बहिणीची किडनी जुळते, आता उशीर करू नका. मला तर रस्ताभर हसू आवरेना.

दुपारी मंडळी केंद्रातच आली. मॅडमनी नेहमीसारखं सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि बहिणीला एकटीला आत घेतलं. मलाही बाहेर काढलं. मी चहा द्यायला गेले तर बहिणीचा नवरा खाली मान घालून म्हणाला, "मी कव्हाच न्हाई म्हणलो न्हाई. तिला म्हणलं, तू म्हणशील तसं."

नाही म्हणत होती ती बहीणच, आणि नाव नवऱ्याचं सांगत होती.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मॅडम चौकट धरून उभ्या होत्या. आईकडं बघून म्हणाल्या, "जुळत न्हाई, आई. डॉक्टरांचा फोन आल्ता." आई जागीच खाली बसली. बहीण मागून आली आणि आईच्या गळ्यात पडून रडायला लागली.

घरी जाताना रिक्षात मी भांडलेच. हे खोटं कशासाठी? कुणाच्या जिवावर?

"ती घाबरलीय गं," मॅडम म्हणाल्या. "दोन लेकरं आहेत तिला. घरी न्हाई म्हणायची तिची हिंमत न्हाई, अन् द्यायचीबी न्हाई."

मग समजावायचं होतं, मी म्हणाले. तुम्हाला काय अवघड होतं?

"काहीच अवघड न्हवतं. दहा मिनिटांत हो म्हणली असती. म्हणूनच न्हाई समजावलं." त्या मागे टेकल्या. "तिलाबी हेच सांगितलंय, जुळत न्हाई म्हणून. तू कुणाजवळ बोलू नको."

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो, खोटं कशाला सांगू? ज्या बाईनं जिल्ह्यातल्या निम्म्या घरांसाठी शब्द टाकले, तिनं स्वतःसाठी एक टाकला असता तर काय बिघडलं असतं? पण त्या नंतर त्या विषयावर बोलल्या नाहीत. वर्षभर केंद्रात येत राहिल्या, मधेच टेबलावर डोकं टेकायच्या, उठून पुढच्या जोडप्याला आत बोलवायच्या. गेल्या त्या पावसाळा संपता संपता, दवाखान्यात.

तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. मागच्या पडवीत बहीण एकटीच तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सरकली. मीही सुपाला हात लावला. बराच वेळ आम्ही दोघी खडे काढत राहिलो.

"ताई, जुळली असती ना," ती म्हणाली, "तर मी दिली असती. देवाशपथ दिली असती."

तिच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. तिला ते मनापासून खरं वाटत होतं. मी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"माहीत आहे," मी म्हणाले. "मॅडमही तसंच म्हणायच्या."