आल्फियस टॉलबर्टने राखून ठेवलेली सही

अलाबामातल्या हॅचर्स बेंड गावच्या मतदारयादीवर चारच काळ्या माणसांची नावे होती आणि त्यांतले एक आल्फियस टॉलबर्ट या न्हाव्याचे होते. त्याने ते कधी बोलून दाखवले नाही. तशी वेळच येत नसे. रविवारी तो चर्चमध्ये शिरला की माणसे सरकून जागा देत, आणि निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या बाया त्याच्या उजव्या हाताकडे अशा बघत, जणू त्या हाताला काही लागून आले असावे.

नाव लागले ते मात्र एका गोऱ्याच्या लहरीने. १९४६ साली एका सकाळी गावचा म्हातारा न्यायाधीश तोंडाला फेस असतानाच म्हणाला, “आल्फी, तुझ्या बापाने माझी दाढी केली, आता तू करतोस, पण मला अजून एकदाही कापलं नाहीस. सोमवारी कचेरीत ये. तुझं नाव घालून टाकू.” जुना कोट नोकराला द्यावा तसे ते मत आल्फियसला मिळाले. त्याने मात्र तो कोट झटकून, इस्त्री करून वापरला. एकही निवडणूक चुकवली नाही.

गावचा नियम असा की नवे नाव लावायचे तर यादीवरच्या एका माणसाने स्वतः कचेरीत येऊन अर्जदाराच्या चांगल्या वर्तनाच्या हमीची सही द्यायची. गोऱ्यांना हमीदार वाटेत भेटत. काळ्यांची हमी गोरा देत नसे, आणि काळ्या हमीदाराला वर्षात एकच सही करता येईल असे नोंदणी अधिकारी क्रेल याने आपल्यापुरते ठरवून टाकले होते. त्या चौघांपैकी जुना पाद्री वारला, शाळामास्तर ओहायोला निघून गेला. प्रेतांचे सोपस्कार करणाऱ्या जोन्सीने त्या वर्षीची सही जानेवारीतच आपल्या मुलासाठी खर्च केली. राहिला आल्फियस. सतरा वर्षांत त्याने एकही सही केली नव्हती. आपला मुलगा लुशियस वयात येईल तेव्हा, आणि तो गाव सोडून गेल्यावर, तो परतेल तेव्हा त्याच्यासाठी ती असावी म्हणून दरवर्षी तो ती राखून ठेवी. वर्ष संपले की ती आपोआप वाया जाई, हे त्याच्या लक्षात येत नसे असे नाही.

लुशियसला शिकागोला जाऊन सहा वर्षे झाली होती.

आल्फियसचे दुकान चौकात, कचेरीच्या बरोबर समोर होते. तिथल्या खुर्चीत फक्त गोरे बसत. हा दंडक त्याच्या बापाने घालून घेतला होता, कारण त्याशिवाय चौकात दुकान राहिले नसते. आपल्या माणसांचे केस तो शनिवारी दुपारी घराच्या मागच्या ओसरीवर, स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर काढून कापी. १९६३च्या ऑगस्टमधल्या अशाच एका शनिवारी मिस ओझेला मिम्स ओसरीच्या पायऱ्या चढून आली.

मिस ओझेला सुईण होती. निम्मे गाव तिच्या हातांत जन्मले होते, आल्फियसची तिन्ही मुलेसुद्धा. चर्चमध्ये ती दुसऱ्या बाकावर बसे आणि प्रवचन लांबले की पाद्र्याला ऐकू जाईल अशी जांभई देई. त्या उन्हाळ्यात तिने राज्यघटनेची कलमे पाठ केली होती. बाळंतिणीच्या उशाशी बसून ती पुटपुटत असे आणि बाळंतिणींना वाटे, म्हातारी प्रार्थना म्हणते आहे. दोनदा ती कचेरीत जाऊन आली होती. दोन्ही वेळा क्रेलने तिला एकच प्रश्न विचारला होता, हमीदार कुठे आहे?

“आल्फियस,” ती म्हणाली, “कात्री खाली ठेव. मला तुझी सही हवी.”

खुर्चीत बसलेल्या सुताराच्या मानेवरचे केस अर्धे कापून झाले होते. कट्ट्यावर आणखी दोघे होते.

“मिस ओझेला, यंदाची सही मी लुशियससाठी ठेवलीय. नाताळात येतो म्हणालाय.”

“गेल्या नाताळातही तो येणारच होता.”

“रजा मिळाली नाही त्याला.”

“लुशियस तिकडे शिकागोत कुणालाही न विचारता मत देऊन येतो, आणि तू इथे त्याच्यासाठी सही राखून बसलायस? अरे, मी ओढून बाहेर काढला त्याला. पायाळू होता. तेव्हाही घरी यायला त्याला नऊ तास उशीर झाला होता.”

कट्ट्यावरचे दोघे खो खो हसले. सुतार हसू दाबत म्हणाला, “ब्रदर टॉलबर्ट, देऊन टाका सही. नाहीतर ही बाई तुमच्या जन्माची गोष्टसुद्धा काढेल.”

“त्याची गोष्ट माझ्या आईला ठाऊक होती,” मिस ओझेला म्हणाली. “ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही.”

आल्फियसलाही हसू आले. हसता हसताच तो हो म्हणाला. कचेरी नोंदणीसाठी महिन्यातून दोनच दिवस उघडे, पहिल्या आणि तिसऱ्या सोमवारी. सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगार दिनाच्या सुट्टीत जाणार होता. म्हणून तिसरा ठरला. सोळा तारीख, सकाळी नऊ वाजता, कचेरीच्या पायऱ्यांवर.

पंधरा तारखेच्या रविवारी दुपारी रेडिओवर बातमी आली. बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली गेल्या होत्या. हेस्टर, आल्फियसची बायको, कोंबडीचे तुकडे तळत होती. तिने चूल विझवली आणि कढईतले तसेच राहू दिले. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवले नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, “उद्या जाऊ नका.”

आल्फियसने काळा सूट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. हेस्टरने तो पाहिला.

सोमवारी सातला त्याने दुकान उघडले. अंगावर सूट होता आणि त्यावर रोजचा पांढरा अंगरखा. नऊला अंगरखा खुंटीला लावायचा आणि चौक ओलांडायचा, एवढेच काम होते. मध्ये साठ-सत्तर पावले होती.

सव्वाआठला क्रेल दाढीला आला. तो रोजच येई. पस्तिशीचा माणूस, पण साठीच्या आल्फियसला तो अरे-तुरे करी, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

“काय रे आल्फी, अंगरख्याखाली टाय? कुणी मेलं का तुमच्यात?”

बोलून गेल्यावर कालची बातमी त्यालाही आठवली असावी. तो खुर्चीत जाऊन बसला. मग डोळे मिटून म्हणाला, “आज ती ओझेला परत येणार म्हणे. या खेपेला हमीदार मिळालाय तिला.”

“असं का, साहेब.”

“कोण असेल रे?”

आल्फियसने गळ्याखाली फेस लावला. क्रेलने मान मागे टाकली.

“मी रोज सकाळी तुझ्या वस्तऱ्याखाली मान देतो, आल्फी. किती माणसांवर माझा इतका विश्वास असेल? विश्वास ही फार मोठी गोष्ट आहे.”

“हो, साहेब,” आल्फियस म्हणाला आणि त्याने दाढी केली. हात हलला नाही. नंतर त्याला त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटली, की हात एकदाही हलला नाही.

क्रेल चौक ओलांडून कचेरीत गेला. नऊला पाच मिनिटे असताना मिस ओझेला आली. चर्चला घालायचा पांढरा पोशाख, पांढरी टोपी, हातात घडी केलेला अर्ज. पायऱ्यांवर काळ्यांना बसू देत नसत, म्हणून ती तिसऱ्या पायरीवर उभी राहिली. दुकानाच्या काचेतून ती सबंध दिसत होती.

नऊला कापूस गिरणीचा हिशेबनीस केस कापायला बसला. त्याच्यामागून औषधवाला आला, त्यामागून कुणा शेतमालकाचे दोन जावई. गिऱ्हाईक खुर्चीत असताना अंगरखा कसा काढायचा, असे आल्फियस मनाशी म्हणत राहिला. हे आटपले की निघू. हा उठला की निघू.

साडेदहाला खुर्ची रिकामी झाली. दुकानात कुणी नव्हते आणि पाव तास कुणी आले नाही.

पुढे एकोणऐंशी वर्षांचा होऊन वारेपर्यंत आल्फियसने त्या पाव तासाबद्दल एकट्या हेस्टरला सांगितले. त्याला कुणी अडवले नव्हते. दार उघडेच होते. त्याने टॉवेल घडी केले, फरशीवरचे केस झाडून सुपलीत भरले, आणि मग धार असलेला वस्तरा घेऊन चामड्याच्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा लावत राहिला. मध्ये एकदा तो दारापर्यंत गेला. चौकात दोन अनोळखी गोरे मोटारीला टेकून उभे होते. ते कशासाठी उभे होते, हे त्याला कधीच कळले नाही. तो परत फिरला. मग गिऱ्हाईक आले आणि त्याला हायसे वाटले. हे हायसे वाटणेही त्याने हेस्टरला सांगितले.

बाराला कचेरी जेवणासाठी बंद झाली. दुपारी तिथे नोंदणी नसे. मिस ओझेलाने अर्ज पिशवीत ठेवला आणि सावकाश पायऱ्या उतरून ती दुकानासमोरून गेली. काचेजवळ आल्यावर तिने आत पाहिले आणि कामात असलेल्या माणसाला रस्त्यावरून करावी तशी मान हलवली. आल्फियसने हातातला कंगवा थोडा वर केला.

पायरीवरचे तिचे ते तीन तास गोऱ्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. जानेवारीत तिचा सुईणपणाचा परवाना नवा करून मिळाला नाही. कारण वयाचे दिले गेले. मुलींना कळा लागत, त्या तिलाच बोलवा म्हणून ओरडत, आणि ती घरात बसून असे. त्या नाताळात लुशियस आला नव्हता. ती सही वर्षअखेरीला गेली, आणि पुढच्या वर्षीचीही गेली, कारण मिस ओझेलाने पुन्हा मागितली नाही आणि आल्फियसला आपणहोऊन देण्याचे तोंड नव्हते.

चर्चमध्ये ती भेटे, हेस्टरच्या गुडघ्याची चौकशी करी. तिने चार लोकांत चामडी सोलावी, असे त्याला वाटे. तिने तसे केले नाही.

१९६५च्या मार्चमध्ये तिचे पाय सुजून ती अंथरुणाला खिळली आहे असे कळले, तेव्हा तो गेला. हेस्टरने रताळ्याची गोड पोळी भाजून दिली होती. मिस ओझेलाची मुलगी रूबिनेल हिने दार उघडले, पोळी घेतली आणि बस म्हटले नाही.

“मिस ओझेला,” तो उभ्यानेच म्हणाला, “येत्या सोमवारी मी मोटार आणतो. अगदी पायऱ्यांपर्यंत. मी आधी आत जाईन, तुम्ही मागून या.”

तिने पांघरूण बाजूला करून त्याला पाय दाखवले. “हे घेऊन? अरे, चपलेतसुद्धा मावत नाहीत ते. सोमवारी मला वेळ नाही बघ, आल्फियस. दुसरीकडे बोलावणं आलंय.”

“आई!” रूबिनेल म्हणाली.

“खोटं आहे का?” तिने पांघरूण पुन्हा ओढून घेतले. “त्या दिवशी बारापर्यंत मला वाटत होतं, तू येशील. साडेअकराला तर मी मनात हसत होते. म्हटलं, हा चर्चलाही शेवटच्या घंटेला येतो, इथेही तसाच येणार.”

आल्फियसने टोपी हातात फिरवली. क्षमा मागण्यासाठी तो वाक्ये जुळवून आला होता. ती त्याला आठवत होती. पण मागायची म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी मागायचे, असे त्याला वाटले आणि त्याने मागितली नाही.

“पोळी हेस्टरने केलीय ना?” ती म्हणाली. “जायफळ जास्त घालते ती. सांगू नकोस हं.”

एप्रिलमध्ये ती वारली. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला काळ्यांच्या मताधिकाराचा कायदा झाला, आणि सप्टेंबरअखेर टपाल कचेरीच्या मागच्या खोलीत वॉशिंग्टनहून आलेले सरकारी कारकून टेबले मांडून बसले. पहिल्याच दिवशी काळ्यांची रांग कापूस गिरणीपर्यंत गेली. आल्फियसने दुकान बंद ठेवले. सणवार नसताना ते बंद असल्याचे गावाने प्रथमच पाहिले. तो काळा सूट घालून रूबिनेलच्या मागे जाऊन उभा राहिला. तिने वळून पाहिले, पण जा असे म्हटले नाही.

टेबलाशी पंचविशीचा एक गोरा तरुण होता. रूबिनेलने नाव सांगितले. त्याने ते लिहिले आणि आल्फियसकडे पाहिले. “आपण?”

“मी आल्फियस टॉलबर्ट. माझं नाव यादीवर आहे, सेहेचाळीसपासून. मी यांची हमी द्यायला आलोय.”

“आता हमी लागत नाही, मिस्टर टॉलबर्ट,” तो तरुण म्हणाला.

कुणा गोऱ्याने त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिस्टर म्हटले होते. तो शब्द ऐकायला कसा वाटेल, याचा आल्फियसने वस्तरा चालवताना अनेकदा विचार केला होता. पण आता त्याला तो नीट ऐकूच आला नाही.

“मी यांना जन्मापासून ओळखतो,” तो म्हणाला. “यांच्या आईलाही ओळखत होतो. चांगल्या वर्तनाची बाई होती. लिहून घ्या तुम्ही.”

तरुणाने लेखणी हातात धरली, पण लिहायला कागदावर जागाच नव्हती. तो अवघडून म्हणाला, “आपण बसा ना थोडा वेळ.” आणि त्याने भिंतीजवळची खुर्ची दाखवली.

रूबिनेलने सही केली. खोल दाबून, सावकाश केली. जाताना ती आल्फियसजवळ थांबली.

“पांढरा पोशाख पुरताना तिच्या अंगावर घातला आम्ही,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही मागे उभे होतात.” आणि ती गेली.

आल्फियस बसून राहिला. टेबलाशी माणसे येत राहिली. तो सगळ्यांना ओळखत होता, कुणाच्या मानेवर कुठे तीळ आहे इथपर्यंत. एकेक जण नाव सांगे, सही करी किंवा फुली मारी, आणि पुढे जाई. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते, रागानेही नाही. त्यांना घाई होती.

थोड्या वेळाने रांगेतला सुतार त्याच्यापाशी आला. त्याच्या हाताला धरून एक नव्वदीची म्हातारी होती.

“ब्रदर टॉलबर्ट, कुणासाठी थांबलात का?”

“नाही.”

“मग ही खुर्ची आजीला देता का? पहाटेपासून उभी आहे.”

आल्फियस उठला, खुर्ची रुमालाने पुसली आणि म्हातारीला बसवले. मग कोटाची बटणे लावून तो रांगेच्या उलट दिशेने बाहेर पडला. वाटेत माणसे त्याला जागा देण्यासाठी सरकली. गर्दीत कुणालाही देतात तेवढीच.