ते 'जनावर' म्हणाले होते

वाचनालयातल्या मित्रमैत्रिणींनो, मी काम करते त्या सर्पोद्यानात आज जे झालं, ते आपल्या फळ्यावर लिहिल्याशिवाय घरी जाववत नाही.

सुट्टीच्या दिवशी आमची शाळकरी मुलं तिथे लोकांना सापांची माहिती देतात. दापोडीच्या गॅरेजवाल्यांची पंधरा वर्षांची शबाना त्यांत सगळ्यांत बोलकी. मागच्या रविवारी तळवड्याच्या एका म्हशीवाल्या काकांनी तिला चिडवलं, "सापांनी तुला वकीलपत्र दिलंय व्हय?" पण जाताना शब्द देऊन गेले, की साप निघाला तर मारणार नाही, आधी इथे सांगायला येईन.

आज सकाळी ते सायकलवरून धापा टाकत आले. "ताई, गोठ्यात जनावर शिरलंय. चला."

मी तिकिटं फाडत होते. वाटलं, कुणाचं तरी ढोर सुटलं असेल. मान वर न करताच म्हणाले, "काका, कोंडवाड्यात सांगा."

ते थोडे घुटमळले आणि गेले.

दुपारी परत आले, तेव्हा पोत्यात मेलेली धामण होती. तोवर भावकीने ती काठ्यांनी ठेचली होती.

"या पोरीला शब्द दिलता म्हणून आलतो," शबानाकडे बोट दाखवत ते मला म्हणाले. "आमी तुमचं ऐकलं. तुमी आमचं न्हाई ऐकलं."

धामण बिनविषारी असते, हे शबाना नंतर दिवसभर कुणालाच सांगू शकली नाही.

सापाचं नाव घेऊ नये, म्हणून माझी आईसुद्धा 'लांबडं' म्हणते. घरातली पहिली पदवीधर मी, तिला हसते.

तुमच्या घरी सापाला काय म्हणतात? खाली लिहाल का?