भागाबाईचं गाऱ्हाणं

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या खालीच, तिच्यासाठी शहाळं घेत उभा होतो. नव्वदी ओलांडली होती, सोनं झालं, असं सगळे म्हणाले. मला मात्र अजूनही कुणाला तरी सांगावंसं वाटतं, की थांबा, तिचं एक काम राहिलं होतं…

आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, सायखेड्याचे शेतकरी. इंग्रजांच्या काळात ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले. गाव त्यांना दादा म्हणे, घरचेही दादाच. अधिवेशन असलं की दादा मुंबईला आणि गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं आमच्या ओट्यावर. लिहिता येणारे थोडे, म्हणून दादांनी लहानग्या आत्यालाच तिथे बसवलं. माणूस बोलायचा, ती ऐकायची आणि दादा परतले की त्याच्याच शब्दांत म्हणून दाखवायची. कोटाच्या गुंड्या सोडत दादा ऐकत आणि दरवेळी एकच म्हणत, "उद्या जाऊन येतो." खरंच त्या बांधावर जाऊन येत. कायदेमंडळात ते काय बोलले, हे आत्याला कधी सांगता आलं नाही. तिला आठवत त्या त्यांच्या चिखलाने भरलेल्या वहाणा.

हे सांगताना ती अशी काही ऐट करायची की आम्ही तिला 'मंत्रीणबाई' म्हणून चिडवायचो. फक्त भागाबाईचं नाव निघालं की ती उठून कामाला लागायची.

भागाबाई विधवा. नदीकडचा शेवटचा तुकडा तिचा. एकदा ओट्यावर येऊन ती म्हणाली, "दादांना सांग, वरच्यानं माझी चारी बुजवली. पाटाचं पाणी येत नाय. पोरं घिऊन कुठं जाऊ?" त्या खेपेला दादा मुंबईहून आलेच नाहीत. चळवळीत पकडले गेले आणि तुरुंगातून सुटून आले ते अंथरूण धरूनच. "आजारी माणसाला काही सांगायचं नाही," आजीने बजावलं. दादा उठले नाहीत. भागाबाई पोरांना घेऊन गाव सोडून गेली.

शेवटची वर्षं आत्या आमच्याकडे नाशिकला होती. फ्लॅटचं दार दिवसभर उघडं टाकून, शेजारी स्टूल घेऊन बसायची. मांजर शिरतं, सेल्समन शिरतात, म्हणून मी कटकट करायचो. मग दवाखाना सुरू झाला… एका दुपारी तिने माझं मनगट धरलं. "दादा, कधी आलात मुंबईहून?" आणि भागाबाईचं गाऱ्हाणं म्हणून दाखवलं, शब्दाला शब्द, लहान मुलीच्या आवाजात. जन्मभर सांभाळलेलं. "बघतो," मी म्हणालो. तिने मनगट सोडलं.

"आमचे दादा बघतो म्हणत नसत," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर मी सायखेड्याला गेलो. विचारत विचारत नदीकडे पोचलो. चारीचा मागमूस नाही, सगळीकडे द्राक्षं. बागेतले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भागाबाई? नाय बा, नाव नाय ऐकलं. पण चहा घेऊन जा." मी बांधावर नुसताच उभा राहिलो. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चपला तेवढ्या चिखलाने भरल्या.

घरी आलो तर दार उघडंच होतं. बायको आता ते दिवसा लावत नाही. स्टूलही जागच्या जागी. चपला हातात घेऊन मी त्याच्यासमोर उभा राहिलो.

"जाऊन आलो, आत्या," म्हणालो.