आईच्या कोरड्या चपला

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली. बग परत काढून दाखवता आला नाही तर तो बगच नाही, असं मानणारी. पण हे मात्र...

२००६ची गोष्ट. आम्ही हॉलंडमधल्या एनस्खेडेला राहायचो. मला सातवा महिना संपत आलेला, आणि बाळंतपणाला पुण्याहून आलेली आई दोन आठवड्यांतच कंटाळली. "रस्त्यावर ना माणूस दिसतो, ना देव. सोमवारी माझं तिकीट बदला." त्यात सुईण मला म्हणालेली, तिथल्या रीतीप्रमाणे घरीच बाळंत हो! आई परत गेली तर आपलं कसं होणार, एवढंच माझ्या डोक्यात.

रविवारी तिचं मन रमावं म्हणून निखिल, माझा नवरा, आम्हाला जवळच्या एका जुन्या गढीवर घेऊन गेला. गढी कसली — भोवती पाण्याचा खंदक, आत गवतात गुडघाभर विटांच्या भिंती, आणि कोपऱ्यात एक चौथरा. वर छप्पर नाही, जवळ झाड नाही.

"आई, इथे चॅपल होतं. म्हणजे त्यांचं देऊळ," निखिल म्हणाला.

झालं! आईने चौथऱ्याखाली चपला काढल्या आणि मोज्यांवरच वर चढून हात जोडले.

"अहो आई, आता काही नाहीये तिथे."

"निखिलराव, देव काय भाडेकरू आहे, घर पडलं की जायला?"

तेवढ्यात पाऊस कोसळला. मी पोट सांभाळत, आई मोज्यांवर, असे आम्ही पूल ओलांडून गाडीत शिरलो. चपला राहिल्या. वीस मिनिटांनी परत गेलो तर त्या जागेवरच — कोरड्या ठणठणीत! गवत निथळतंय, निखिलचे बूट पचपच करताहेत, आणि चपलांवर थेंब नाही. मी लगेच टेस्ट घेतली, बाटलीतलं पाणी एकीवर ओतलं. झाली की ओली! वर आईचा धपाटा मिळाला.

गाडीत आईने ती ओली चप्पल पदराने पुसली. मग म्हणाली, "तिकीट राहू दे. परक्या बाईच्या चपला सांभाळल्या कोणीतरी. एवढा पाहुणचार घेऊन लगेच निघणं बरं दिसत नाही." मी तिथेच रडायला लागले.

पुढे पाच-सहा वेळा पावसात तिथे चपला ठेवून पाहिल्या. दरवेळी भिजल्या. निखिल म्हणतो, पाऊस तिरका असेल... असेल बाबा! मला कारण अजून सापडलेलं नाही. पण माझ्या लेकीला पहिली आंघोळ आईनेच घातली.