गणपतकाकांनी पाहिलेलं पार्सल

गणपतकाका पार्सल हातात आलं की आधी कानाशी धरून हलवत. आत जराही खडखडलं, की खोका उघडायला लावत. वसमतच्या कुरिअर कचेरीत मी कामाला लागले, त्या पहिल्याच दिवशी तिथले सगळ्यात जुने असलेले काका म्हणाले, "पोरी, खोकं बोलत असतं. आपल्याला आयकू आलं पायजे."

कुरुंद्याचे हळदवाले फवारणी पंपाच्या, सुतार ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या दुरुस्तीला पुण्याला पाठवत. त्या बांधायला काकांनीच मला शिकवलं. टोकांना चिकटपट्टी, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, खोक्यात हलायला जागा नको, वर बॅटरी असल्याची चिठ्ठी. फुगलेली बॅटरी मात्र ते काउंटरवर ठेवूही देत नसत. एक सुतार फारच गयावया करू लागला, तर म्हणाले, "माज्या भावाची असली तरी न्हाई घेणार. वाटंत पेटली तर कोणाचं लेकरू भाजंल?" मी त्यांना वडिलांच्या जागी मानत होते.

एका दुपारी त्यांनीच एक बांधलेला खोका माझ्यापुढे ठेवला. जावयाच्या सुतारी हत्यारांच्या दुकानातला, म्हणाले. चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव मात्र भलत्याचंच. "कपडे लिही अन् सही कर. म्या बघितलंय." मी सही केली. काकांनी पाहिलेलं पार्सल मी काय उघडणार?

ते नांदेडच्या गोदामात पेटलं. आत तीन फुगलेल्या बॅटऱ्या होत्या. माल उतरवणाऱ्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. मी दवाखान्यात जाऊन त्याला भेटले.

चौकशीला साहेब आले. मी घडलं ते सगळं सांगितलं. काका शेजारीच उभे होते. त्यांना विचारलं, तेव्हा टेबलाकडे बघत म्हणाले, "मला काईच म्हाईत न्हाई साहेब. पार्सल हिनंच घेतलं. सही बघा की."

माझी नोकरी गेली.

दोन महिन्यांनी ते आमच्या घरी आले. खाटेच्या कडेला टेकले आणि रडू लागले. "जावयाचं दुकान बंद पडलं असतं, पोरी. माजी लेक माघारी आली असती. काय करू म्या?"

मी पाणी दिलं. मग मीच म्हणाले, "काका, हेच साहेबांसमोर सांगाल? मी येते तुमच्यासोबत. उद्याच जाऊ."

काकांनी डोळे पुसले. मग उठले, चपला घातल्या आणि निघाले. मी दारात उभी होते. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मला वाटत होतं, ते मागे वळतील.